लोखंडाचे वय काढायचे कसे? नागपूरजवळच्या चार दिवसांच्या कार्यशाळेचा अनुभव

२०२५ च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारने शिवगळै आणि इतर स्थळांवरील नमुन्यांच्या आधारे एक अहवाल प्रसिद्ध केला आणि तेथील लोखंडाचा वापर इ.स.पू. ३३४५ इतका मागे जातो असे जाहीर केले. त्या आठवड्यात माझ्याकडे तोच आकडा निरनिराळ्या मजकुरांसह वीसेक वेळा तरी येऊन पोहोचला. माझी सगळी नोकरी कोल्हापुरातल्या फौंड्रीच्या प्रयोगशाळेत झाली. ओतलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक मर्यादेत आहे की नाही, हे तपासून माल पास करणे किंवा परत पाठवणे हे माझे रोजचे काम होते. लोखंडाचा तुकडा हातात आला की त्यात काय आहे हे मी सांगू शकत होते, परंतु तो तुकडा कधी घडला हे आमच्या कोणत्याही यंत्राने मला कधी सांगितले नव्हते. म्हणून पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडाचा हा आकडा नेमका कशावरून काढला, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नागपूरजवळ याच विषयावर चार दिवसांची निवासी कार्यशाळा आहे असे समजले आणि मी नाव नोंदवले. आयोजन पुरातत्त्वाचे काही निवृत्त अभ्यासक आणि त्यांचे विद्यार्थी मिळून करतात. गट लहान आहे आणि पुढे मी काही उणिवाही स्पष्टपणे लिहिल्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. शुल्क साडेसहा हजार रुपये होते, त्यात राहणे, जेवण आणि स्थळभेटींचा प्रवास धरलेला होता. आम्ही सोळा जण होतो. शाळेतले इतिहासाचे दोन शिक्षक, वास्तुशास्त्राचे काही विद्यार्थी, वर्ध्याचे एक वैद्य, आणि माझ्यासारखे केवळ कुतूहलापोटी आलेले.

पहिल्या सकाळच्या सत्रात उल्कालोहाचा विषय झाला. इजिप्तमधील गेर्झे येथे १९११ साली मिळालेले लोखंडी मणी इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे आहेत, पण ते आकाशातून पडलेल्या लोखंडाचा पत्रा ठोकून आणि वळवून केलेले आहेत हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीने निश्चित केले. तुतनखामेनच्या खंजिराचेही तसेच आहे, त्यात उल्कालोहाची खूण असलेल्या निकेलचे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास भरते. तेव्हा लोखंडाची वस्तू जुनी असणे आणि लोखंड गाळण्याची विद्या जुनी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा पुरावा वस्तूपेक्षा भट्टीत आणि कीटात, म्हणजे गाळताना वेगळ्या निघणाऱ्या मळीत, शोधावा लागतो, एवढे सांगून आमच्या सरांनी हा विषय आवरता घेतला. मला ते योग्य वाटले, कारण खरे काम त्यानंतर सुरू झाले.

दुपारी प्रत्येक टेबलावर एकेक पत्र्याचे ताट ठेवण्यात आले. त्यात दहा-बारा काळपट खडे होते आणि त्यांतले लोहकीट कोणते, नुसता जांभा कोणता, भाजलेली माती कोणती हे आम्हाला ओळखायचे होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने पुढे सरसावले. फौंड्रीत कीट रोज पाहिलेले. परंतु आमचे कीट काचेसारखे हलके आणि हिरवट असते, कारण क्यूपोलात, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या उभ्या भट्टीत, चुनखडी घालून ते पातळ केलेले असते आणि त्यात लोखंड फारसे शिल्लक राहू दिलेले नसते. जुन्या भट्टीचे कीट हातात घेतले की पहिल्यांदा जाणवते ते वजन. लोखंडाचा मोठा वाटा त्या कीटातच वाहून गेलेला असतो, त्याचे सिकतेशी (सिलिकाशी) मिळून जे खनिज होते त्याला फायालाइट म्हणतात, आणि साधारण १,२०० अंशांच्या सुमारास ते वाहते झालेले असते. एका खड्याच्या पाठीवर दोरखंडाच्या पिळासारख्या वळ्या उठलेल्या होत्या. भट्टीच्या तोंडातून बाहेर पडून जमिनीवर थिजलेल्या कीटाची ती खूण आहे. असा एक खडा एखाद्या शेतात सापडला, तर जवळपास कुठेतरी लोखंड गाळले गेले असे म्हणता येते, कारण एवढे जड कीट उगाच कोणी लांबवर वाहून नेत नाही.

आमच्यातल्या वैद्यांनी येथे एक मोलाची भर घातली. रसशास्त्रात लोहकीटाला मंडूर म्हणतात आणि औषधासाठी शंभर वर्षांचे जुने मंडूर उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे कनिष्ठ मानतात. कीटाचे वय विचारण्याची पद्धत आपल्याकडे बरीच जुनी आहे हे ऐकून मला फार आनंद झाला.

त्यानंतरचा प्रयोग मी कधी विसरणार नाही. आम्हाला एका जुन्या लोहारशाळेच्या जागेवरची चाळलेली माती कागदावर पसरून दिली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक तिच्यावरून हलके फिरवायला सांगितले. पिशवी उलटी करून झटकली की पांढऱ्या कागदावर काळ्या कणांची रांगोळी पडत होती. भिंगाखाली पाहिल्यावर त्यांत दोन प्रकार दिसले. काही नखाच्या टोकाएवढे करडे, चकचकीत, चपटे पापुद्रे होते, तर काही मोहरीहूनही लहान गोल दाणे. तापलेल्या लोखंडावर घण पडला की वरची खपली उडते ती हे पापुद्रे, आणि दोन तुकडे सांधताना वितळलेल्या कीटाचे थेंब उडतात ते गोल दाणे. आमच्याकडचे फोर्जिंगवाले याला नुसते ‘स्केल’ म्हणतात आणि झाडून टाकतात. उत्खननात मात्र ऐरण, भाता, सांडशी सारे नाहीसे झाले तरी हे कण जेथे पडले तेथेच मातीत राहतात, आणि जमिनीचे चौकोन पाडून कण मोजले तर ऐरण कोठे होती हेही ठरवता येते. मग त्याच थरातले कोळशाचे तुकडे, बिया, खापरे यांचा त्या लोहारकामाशी संबंध जोडता येतो. कालगणनेची खरी अडचण येथेच असते. प्रयोगशाळा कोळशाचा काळ सांगते, लोखंडाचा नव्हे, आणि कोळसा व लोखंड एकाच वेळचे आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी खोदणाऱ्याची असते.

दुसरा दिवस स्थळभेटींचा. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला आम्ही उजाडता पोहोचलो. तेथे तीनशेच्या आसपास शिळावर्तुळे, म्हणजे दगडांनी वेढलेली प्राचीन थडगी, आहेत. मोठमोठ्या काळ्या दगडांची कडी आणि मध्ये मातीमुरमाचा उंचवटा असे त्यांचे रूप. काही दगडांवर ओळीने कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या आहेत, त्यांत बोट फिरवून पाहता येते. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने येथील काही वर्तुळे खोदून त्यांची माहिती १८७९ साली प्रसिद्ध केली, म्हणजे विदर्भातल्या लोखंडाची चर्चा सुरू होऊन आता दीडशे वर्षे होत आली. त्याच्या काळी काळ ठरवण्याचे साधन म्हणजे वस्तूंचा घाट आणि खापरांचा रंग एवढेच होते. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी येथे नागपूर विद्यापीठ आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी, विशेषतः शां. भा. देव यांच्या पुढाकाराने, उत्खनने केली आणि या वर्तुळांखालून कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याचे लगाम अशा लोखंडी वस्तू मोठ्या संख्येने बाहेर आल्या. आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या कड्यांनी दांड्याला जखडायची कुऱ्हाड ही तर या भागाची ओळखच झाली आहे.

नायकुंडचे महत्त्व निराळे आहे. पेंच नदीकाठच्या या गावात १९७७ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात वस्तीच्या जागेवर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. भाजलेल्या मातीच्या बाकदार विटा, भात्याच्या नळीचे तुकडे आणि कीट सगळे एकत्र होते. डेक्कन कॉलेजचेच वि. द. गोगटे यांनी त्या अवशेषांचा धातुशास्त्रीय अभ्यास केला. थडग्यात ठेवलेली कुऱ्हाड दुसरीकडून आणलेली असू शकते, भट्टी मात्र दुसरीकडून आणता येत नाही. काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. आज तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही, हे मात्र आयोजकांनी आधीच सांगायला हवे होते. एका शेताच्या बांधावर उभे राहून ‘ती जागा साधारण तिकडे’ असे ऐकण्यासाठी जवळजवळ अडीच तासांचा जाता-येता प्रवास झाला, आणि शाळेच्या शिक्षकांचा चेहरा तेव्हा पडलेला मी पाहिला. तो वेळ माहुरझरीला दिला असता तर अधिक बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशीचे रेडिओकार्बनचे सत्र हे या कार्यशाळेचे सर्वांत भक्कम अंग आहे, आणि केवळ त्यासाठीही मी तिची शिफारस करेन. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात अगदी मुळापासून केली. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार घेत राहते, मेल्यावर घेणे थांबते आणि असलेला साठा ५,७३० वर्षांत निम्मा होतो. शिकागोत विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली आणि १९६० साली त्यांना नोबेल मिळाले. भारतात अशी पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभी राहिली, म्हणून जुन्या अहवालांत नमुन्याच्या क्रमांकाआधी ‘टीएफ’ अशी अक्षरे दिसतात. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. कर्नाटकातील हळ्ळूर येथील लोखंड इ.स.पू. १००० च्या सुमाराचे आहे हा निष्कर्ष अशाच ‘टीएफ’ क्रमांकांच्या नमुन्यांवर उभा आहे, आणि त्या वेळी तो पुष्कळांना धक्कादायक वाटला होता, कारण लोखंड पश्चिमेकडून हळूहळू सरकत दक्षिणेत फार उशिरा पोहोचले असेच तोपर्यंत शिकवले जात असे.

झाडाच्या वयाचा मुद्दा बाईंनी सागाच्या एका ओंडक्याची चकती समोर ठेवून समजावला. आम्ही तिच्यावरच्या वर्तुळांवर दहा-दहाच्या अंतराने टाचण्या टोचल्या. सालीखालचे वर्तुळ झाड तोडले त्या वर्षाचे, पण गाभ्यातले लाकूड केव्हाच हवेशी व्यवहार थांबवून बसलेले असते. आमच्या चकतीत गाभ्यापर्यंत एकशे दहाहून अधिक वर्तुळे भरली. म्हणजे याच ओंडक्याचा कोळसा भट्टीत गेला असता, तर कोणता तुकडा उचलला त्यावर शंभर वर्षांचा फरक पडला असता, आणि साग तर त्याहून कितीतरी अधिक जगतो. शिवाय जुन्या घराचा वासा, नदीत वाहून आलेले खोड, मोडक्या गाडीचे लाकूड हेही कोळशासाठी जाळले जाते. म्हणून चांगला उत्खनक आधी कोळशाची जात ओळखून घेतो आणि बारीक फांदी, बी, भाताचा दाणा असा एका हंगामाचा नमुना मिळतो का ते पाहतो. आता ॲक्सिलरेटर पद्धतीला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, त्यामुळे एकच दाणा पाठवणे शक्य झाले आहे. पूर्वी मूठभर कोळसा लागे आणि ती मूठ भरण्यासाठी निरनिराळ्या जागचे तुकडे एकत्र केले जात, हे जुने आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

यानंतरचा स्वाध्याय अवघड होता. झाडांच्या वर्तुळांवरून तयार केलेला सुधारणेचा आलेख प्रत्येकाला मोठ्या कागदावर छापून दिला होता. प्रयोगशाळेकडून आलेले वय उभ्या अक्षावर शोधायचे, पट्टी आडवी सरकवून आलेख गाठायचा आणि तेथून खाली उतरून खरी वर्षे वाचायची. २,९०० वर्षांचा नमुना सरळ उतरला. मग बाईंनी २,४५० अधिक-उणे ३० हा आकडा दिला. माझी पट्टी आलेखावर एका जागी टेकण्याऐवजी लांबवर त्याच्यावरच लोळत राहिली, कारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो आलेख जवळपास सपाट आहे. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाणच तेव्हा अशा रीतीने बदलत होते की चारशे वर्षांच्या अंतराने मेलेली झाडे प्रयोगशाळेत एकाच वयाची दिसतात. उत्तर निघाले ते साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०. नायकुंड आणि विदर्भातली बरीचशी शिळावर्तुळे नेमकी याच पट्ट्यात पडतात. आदल्या दिवशी ‘सातवे शतक’ म्हणून मी वहीत लिहून घेतले होते. त्या दोन शब्दांपुढे अचूकतेची केवढी मोठी फट आहे हे त्या कागदावर पट्टी धरल्यावर मला समजले. प्रयोगशाळेने यंत्र कितीही सुधारले तरी ही फट एका नमुन्याने बुजत नाही. एकावर एक असलेल्या थरांतले अनेक नमुने घेऊन, कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे ज्ञान गणितात घालून तिला थोडेफार आवळता येते.

भाजलेल्या मातीचे वय काढण्याच्या, म्हणजे प्रकाशमापनाच्या, पद्धतीला मात्र जेमतेम पाऊण तास मिळाला. भट्टीची भिंत किंवा भात्याची नळी शेवटची तापली तेव्हा तिच्यातील कणांत साठलेली ऊर्जा शून्यावर येते आणि नंतर ती पुन्हा साठू लागते. तापवून तिचा प्रकाश मोजला की भट्टी शेवटची केव्हा पेटली हे कळते. या पद्धतीत त्रुटीचा पल्ला बराच मोठा, बहुधा पाच ते दहा टक्के असतो, पण ती थेट भट्टीचेच वय सांगते आणि वर सांगितलेला सपाट आलेख तिच्या आड येत नाही. विदर्भासारख्या प्रदेशासाठी ही किती कामाची गोष्ट आहे! तिला अर्धा दिवस द्यायला हवा होता. नायकुंडच्या प्रवासातला वेळ येथे वापरता आला असता, हे मी अभिप्रायपत्रातही लिहून दिले आहे.

संध्याकाळी प्रत्यक्ष वादांवर चर्चा झाली. आधी मल्हार. उत्तर प्रदेशातील चंदौली जिल्ह्यातील या स्थळी राकेश तिवारी यांनी केलेल्या उत्खननात भट्ट्या, नळ्या आणि कीट मिळाले. सोनभद्रचे राजा नल का टीला, लखनौजवळचे दादूपूर यांच्यासह त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मध्य गंगेच्या खोऱ्यात लोखंड इ.स.पू. १८०० ते १००० या काळात होते असे मांडले गेले. उत्तर प्रदेशातल्याच अत्रंजीखेड्याच्या राखी रंगाच्या चित्रित मृद्भांड्यांसोबतचे लोखंड सर्वांत जुने मानून शिकलेल्या पिढीला हे पचवणे जड गेले असणार. बाईंनी आम्हाला तीनच प्रश्न विचारायला लावले. नमुना कशाचा होता, तो कोठून उचलला, आणि त्याच्याजवळ लोखंडाचा कोणता पुरावा होता. मल्हारच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भक्कम आहे, कारण तेथे गाळण्याचेच अवशेष आहेत. आफ्रिकेतील ओबुई येथील इ.स.पू. २००० च्या दाव्यावर मात्र थरांच्या सरमिसळीचा आणि जुन्या लाकडाचा आक्षेप घेतला जातो, हे त्यांनी थोडक्यात सांगितले.

शिवगळैवर आल्यावर खोलीत एकदम शांतता पसरली, कारण बहुतेक जण त्याचसाठी आले होते. तेथील काही नमुने अमेरिकेतील बीटा ॲनालिटिक प्रयोगशाळेत तपासले गेले, आणि खापरांच्या नमुन्यांसाठी प्रकाशमापनाची पद्धतही वापरली गेली. कोळशाचे आकडे इ.स.पू. २९५३ ते ३३४५ असे येतात. त्याच शिवगळैच्या एका दफनकुंभातील भाताचा काळ मात्र इ.स.पू. ११५५ आला आहे. तमिळनाडूतल्याच मयिलाडुम्पारै या स्थळाचा आकडा इ.स.पू. २१७२ आहे, तो २०२२ मध्ये जाहीर झाला होता. एकाच दफनभूमीत इतक्या अंतराचे आकडे आले म्हणजे कोणीतरी चुकले असे लगेच समजू नये, दफनभूमी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असू शकते, असे बाई म्हणाल्या. पण भाताचा दाणा एका हंगामाचा असतो आणि कोळसा तसा असेलच असे नाही. म्हणून कुंभाच्या आत, लोखंडी वस्तूला चिकटून मिळालेल्या दाण्यांचे आणखी काही आकडे त्याच जुन्या काळात पडले, तर हा दावा मजबुतीने उभा राहील. त्यांनी तमिळनाडूच्या अभ्यासकांविषयी एकही हलका शब्द उच्चारला नाही, आणि अभिमानाच्या भरात कोणी आकडा आणखी मागे ढकलू लागले तर त्यालाही तितक्याच शांतपणे थांबवले. प्रादेशिक अस्मितेशी जोडलेल्या विषयावर अशी समतोल मांडणी मी फार वर्षांनी ऐकली.

चौथा दिवस भट्टीचा. मध्य प्रदेशातून आलेले आगरिया समाजाचे एक ज्येष्ठ कारागीर आणि त्यांचा पुतण्या यांनी आदल्या तीन दिवसांत भुसा मिसळलेल्या मातीची कमरेएवढी भट्टी उभी करून वाळवून ठेवली होती. पहाटे पाचला ती पेटली. भाता पायाने चालवायचा होता, एका पायावर भार देऊन दुसरा उचलायचा आणि ताल मोडू द्यायचा नाही. आम्ही आळीपाळीने उभे राहिलो. दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येत होत्या, पण काका मात्र बाजूला बसून नुसत्या आवाजावरून ‘ढिला पडला’ असे सांगत होते. सुपारीएवढे फोडलेले, आधी भाजून घेतलेले खनिज आणि कोळसा टोपलीने थर देत वरून टाकला जात होता. अकराच्या सुमारास काकांनी तळाची माती सळईने टोचली आणि लालभडक कीट सापासारखे वळणे घेत बाहेर आले. पहिल्या दिवशी ताटात पाहिलेल्या त्या दोरखंडाच्या वळ्या माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होत्या. थंड झाल्यावर मी एक तुकडा फोडला, तर आत करंगळीच्या पेराएवढा कोळशाचा तुकडा गच्च अडकलेला होता. कालगणनेसाठी याहून चांगला नमुना नाही, असे सरांनी तेव्हा दाखवून दिले. वरच्या थरातून घसरलेला किंवा उंदराच्या बिळातून खाली गेलेला कोळसा कीटाच्या पोटात शिरू शकत नाही. तो त्याच भट्टीत, त्याच दिवशी होता, एवढे तरी निर्विवाद.

दुपारी भट्टीचे तोंड फोडून गोळा बाहेर काढला. फौंड्रीत लोखंड पाण्यासारखे ओतलेले पाहायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. येथे ते वितळलेच नव्हते. शुद्ध लोखंडाला वितळायला १,५३८ अंश लागतात आणि ही भट्टी त्याच्या बरीच खाली चालते. खनिजातला प्राणवायू निघून जातो, कीट वाहून जाते आणि मागे उरतो तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र, कीटाने भरलेला गोळा. लाकडी ठोकण्यांनी तो हलके हलके दाबताना त्यातून ठिणग्या आणि कीटाचे थेंब उडत होते. बारा किलो खनिजातून ठोकून झाल्यावर पावणेदोन किलोचा गोळा हाती आला. काकांनी तो हातात तोलून ‘बरा आहे’ एवढेच म्हटले.

माझ्या कामाशी सर्वांत जवळची गोष्ट शेवटच्या तासात आली. लोखंडातला कार्बन भट्टीतल्या कोळशातूनच आलेला असतो, तेव्हा तोच वेगळा काढून त्याचे वय मोजता येईल का, हा विचार १९६० च्या दशकात निकोलस व्हॅन डर मर्व्ह यांनी प्रत्यक्षात आणला. तेव्हा वस्तूचा मोठा भाग नष्ट करावा लागे, आता लहान तुकडा चालतो. पोलादात कार्बन पुरेसा असतो, मऊ लोखंडात फारच थोडा, त्यामुळे प्रत्येक वस्तूला ही पद्धत लागू पडत नाही. मी विचारले की आमच्या फौंड्रीतला तुकडा पाठवला तर काय येईल. आम्ही कोक जाळतो, आणि कोक दगडी कोळशापासून होतो, ज्यातला कार्बन-१४ कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपलेला आहे. गेल्या वर्षी ओतलेला माझा पंपाचा भाग त्या यंत्रावर पन्नास हजार वर्षांहून जुना दिसेल! याच गुणामुळे कोकवर गाळलेल्या लोखंडाची बनावट ‘प्राचीन’ वस्तू ओळखता येते. तीस वर्षे कार्बनचे टक्के लिहिले, पण तो कार्बन कोठून आला आणि किती जुना आहे हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

आता उणिवा. सर्वांत गंभीर चूक दिलेल्या पुस्तिकेत आहे. तिच्या शेवटच्या तक्त्यात भारतातील स्थळांचे काळ दिले आहेत, पण काही आकडे आलेखाने सुधारलेले, काही न सुधारलेले, आणि काही १९५० पासून मागे मोजलेले, असे एकाच रकान्यात काहीही खूण न करता छापले आहेत. ज्या कार्यशाळेत तिसरा सबंध दिवस हाच फरक शिकवण्यात जातो, तिच्या पुस्तिकेत असा तक्ता असू नये. कोणी शिक्षक तो जसाच्या तसा फळ्यावर उतरवेल. मी हे दाखवल्यावर बाईंनी ते लगेच मान्य केले आणि पुढच्या तुकडीपूर्वी तक्ता नव्याने छापण्याचे आश्वासन दिले. राहण्याची सोय साधी पण स्वच्छ होती, जेवण घरगुती होते. भट्टीच्या दिवशी सावलीची व्यवस्था अपुरी होती, आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी भात्यावर उभे राहण्याचा आग्रह धरू नये. दहावीपुरते विज्ञान आठवत असले की सगळे समजते. ज्यांना आपल्या प्रदेशाचे लोखंड सर्वांत जुने आहे असे ऐकून परतायचे आहे, त्यांचे येथे समाधान होणार नाही. इतिहास शिकवणाऱ्यांनी मात्र सवड काढून जावे, आणि शाळांनी त्यांचे शुल्क भरावे, असे मला मनापासून वाटते.

निघताना प्रत्येकाला गोळ्याची एक चकती आणि कीटाचा तुकडा मिळाला. कोल्हापूरला आल्यावर मी चकती घासून, चकचकीत करून आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पांढऱ्या लोखंडाच्या दाण्यांमध्ये कीटाच्या काळ्या रेघा घणाच्या दिशेने ताणल्या गेलेल्या दिसल्या, कडेला एके ठिकाणी कार्बन शिरून पोलाद झालेला पट्टा होता. कीटातून काढलेला कोळशाचा तो तुकडा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला आहे. बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यावर चिठ्ठी लावली आहे : बाभूळ, अंगठ्याएवढी फांदी, साल शाबूत, भट्टीच्या कीटातून, हाताने काढला.